न आलेल्या कार्डाशी स्पर्धा

“तिले काय इचारानं? ती बोलस कठे!”

दादा हे आबांना म्हणाला तेव्हा मी काउंटरच्या मागे फरशीवर बसून एका सीपीयूच्या पंख्यातली मिरची काढत होते. मी जेवायला घरी गेले असं त्याला वाटलं होतं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कॉम्प्युटरचं दुकान त्यांचं, आणि दादा त्यांचा मुलगा. आबांनी पेनाला टोपण लावल्याचा आवाज आला. मग दादाच पुढे म्हणाला, सोमवारी गाडी येणार आहे, मागच्या खोलीतली चारही मशिनं एकदम देऊन टाकू. खोली मोकळी होईल, रंग मारून घेऊ, आणि होळीनंतर नवी ग्राफिक्स कार्डं बाजारात आली की तिथे झकास गेमिंग झोन टाकू.

मी ब्रश हातात धरून तशीच बसून राहिले. शिंक येत होती ती नाक दाबून परतवली. ती चार मशिनं भंगारात जाणार होती, तीही मला न विचारता, आणि न विचारण्याचं कारण मला अगदी बरोबर ऐकू आलं होतं.

मिरचीबद्दल सांगायला हवं. नंदुरबारला हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते, लांबून बघितलं तर जमिनीवर लाल चादरी अंथरल्यासारखी. वारं सुटलं की तिची बारीक भुकटी बाजारपेठेपर्यंत येते. कॉम्प्युटरमध्ये धूळ सगळीकडेच जाते, पण आमच्याकडची धूळ तांबूस असते आणि डोळ्यात गेली तर तासभर सोडत नाही. मशीन उघडून ती काढण्याचं काम दुकानात कुणालाच नको असायचं. मी बीसीए करून घरी आले आणि ‘काही तरी ठरेपर्यंत’ दुकानात बसायला लागले, तेव्हा ते काम मी मागून घेतलं. म्हणजे मागितलं असंही नाही. एक दिवस ब्रश उचलला, तोंडाला ओढणी बांधली आणि सुरू केलं. त्या कामात कुणाशी बोलावं लागत नाही.

मी बोलत नाही ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. “इंग्लिश मीडियमची आहे, आपल्याशी काय बोलणार,” असं म्हणतात. खरं कारण इतकं ऐटीचं नाही. शाळेत इंग्रजी सोडून काही बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे. घरात सगळे एकमेकांशी अहिराणी बोलायचे आणि मी दिसले की मराठीवर यायचे, जणू पाहुणी आली. मी अहिराणीत काही बोलायला गेले तर चुलत भावंडं पोट धरून हसायची. तीन भाषांमध्ये मिळून मी जेवढं गप्प बसायला शिकले तेवढं एका भाषेत कुणाला जमलं नसतं.

पण एका ठिकाणी मी बोलायचे, आणि ते ठिकाण म्हणजे मागची खोली.

त्या खोलीत आम्ही ऑनलाइन फॉर्म भरून देतो. शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, जातीच्या दाखल्याचे. चार जुनी मशिनं, एका ओळीत, भिंतीला पाठ लावून. दुपारी हमखास साइट बसायची. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि पोरी कागद छातीशी धरून बसून राहायच्या. त्यातल्या दोघी नेहमीच्या झाल्या. वसतिगृहात राहणाऱ्या, धडगावच्या पलीकडच्या, काठी गावाच्या बाजूच्या. एक उंच, नर्सिंग करणारी. दुसरी बुटकी, बीएला असलेली. दोघींचे फॉर्म पुन्हा पुन्हा परत यायचे, कधी सहीसाठी, कधी फोटोच्या मापासाठी. एका दुपारी साइट काही केल्या उघडेना, तेव्हा मी न बोलता त्यांच्या समोरच्या मशीनवर गाड्यांचा एक जुना खेळ लावून दिला. डोंगरातला रस्ता, एका बाजूला दरी.

उंच पोरीनं पहिल्याच वळणावर गाडी दरीत घातली.

“ताई, ब्रेक कुठला?”

“खालचा बाण.”

“आमच्या घाटात कुणी अशी गाडी चालवली तर लोक ड्रायव्हरला उतरवून मारतील,” बुटकी म्हणाली.

“तू चालव मग!”

“मी बसमध्ये खिडकीशी पण बसत नाही. उलटी होते.”

आणि तरीही ती बसली, आणि तिनं तो रस्ता पहिल्या फटक्यात पार केला. मी हसले. मोठ्यानं. मग मी त्यांना सांगायला लागले, वळणाच्या आधी वेग कसा कमी करायचा, आत कसं राहायचं. एका दमात एवढी वाक्यं मी कधी बोलले होते मला आठवत नाही. त्यानंतर त्या फॉर्म नसतानाही यायला लागल्या. गावातल्या गेमिंगच्या दुकानांमध्ये पोरंच पोरं असतात, बाहेर गाड्या आडव्या लावलेल्या, पायरीवरच दोघं-तिघं. तिथे या दोघी चढल्या नसत्या. मीही कधी चढले नव्हते.

आता या मशिनांची गोष्ट. त्यांच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. चित्र काढायचं काम प्रोसेसरच्याच आत बसवलेला एक भाग करतो, त्याला दुकानात आम्ही ऑनबोर्ड म्हणतो. कार्डाला स्वतःची मेमरी असते, स्वतःचे पंखे असतात. ऑनबोर्डला स्वतःचं काहीच नसतं. ते मशीनच्या रॅममधूनच, म्हणजे सगळ्या कामांना मिळून असलेल्या मेमरीतूनच, थोडी जागा उसनी घेतं आणि भागवतं. त्यामुळे त्याची चेष्टा करायची हा गेम खेळणाऱ्यांचा जुना रिवाज आहे. कॉलेजात माझ्या लॅपटॉपला वर्गातली मुलं ‘टायपिंग मशीन’ म्हणायची. मी त्याच लॅपटॉपवर तीन वर्षं खेळले. सावल्या बंद, गवत बंद, पाण्यातलं प्रतिबिंब बंद, पडद्याचा आकार लहान. कुठली गोष्ट बंद केली की किती फरक पडतो हे मी वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचे. मुलं नवीन कार्ड कधी येणार याच्या गप्पा मारत बसायची तोवर माझा खेळ पूर्ण झालेला असायचा.

आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती. ऑनबोर्डला रॅमची एकच पट्टी दिली तर ते गुदमरतं. तोरणमाळच्या घाटात समोरून जीप आली की एकाला मागे घ्यावं लागतं, तसं होतं. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की रस्ता दुपदरी होतो. तेच मशीन, पण चाल वेगळी.

आमच्या दुकानात मात्र वर्षानुवर्षं एकच पट्टी लावून देतात. आबांचा नियम आहे, एक जागा मोकळी ठेवायची. “गिऱ्हाइकाला पुढे वाढवता आलं पाहिजे.” आमच्याकडे घर बांधतानाही स्लॅबवर सळया तशाच उभ्या सोडतात, वरच्या मजल्यासाठी. कित्येक घरांवर त्या सळया गंजून वाकल्या आहेत आणि त्यांना दोरी बांधून लोक कपडे वाळत घालतात. मला त्या मोकळ्या जागांचा राग यायचा. पण आबांचा नियम मोडायचा तर आबांना विचारायला हवं, आणि विचारायचं तर बोलायला हवं. म्हणून मी वेगळाच उद्योग केला. दुरुस्तीच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये जुन्या मशिनांमधून काढलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात. त्यांतून जुळणारी एक शोधली. दुपारी दादा जेवून आडवा झाला की ती पोरींच्या मशीनमध्ये बसवायची, आणि संध्याकाळी काढून परत ड्रॉवरमध्ये. शेजारून आणलेलं पातेलं घासून परत करावं तसं. असा एक महिना चालला.

दादाला गेमिंगचं वेड नाही असं कुणी म्हणणार नाही. पण त्याचं वेड येणाऱ्या गोष्टींचं आहे. फोनवर तो सतत त्याच चित्रफिती बघतो: येणारं कार्ड, येणारा प्रोसेसर, आतून फुटलेली माहिती, कुणा कारखान्यातून कुणी तरी चोरून काढलेला अंधुक फोटो. त्यात रंगीत पट्ट्यांचे तक्ते असतात. सगळ्यात वर, सगळ्यात लांब पट्टी नेहमी त्याचीच, जे अजून आलेलंच नाही. ज्याला कुणी हात लावला नाही, ज्याच्या पंख्यात कुठल्याच गावची धूळ गेली नाही, ते पहिलं. सगळ्यात खाली, नखाएवढी आखूड पट्टी ऑनबोर्डची. गिऱ्हाईक आलं की दादा म्हणायचा, “आत्ता घेऊ नका. थांबा थोडं. नवीन येतंय.” आबा वैतागायचे, “अरे, विकायला बसलास का थांबवायला?” तो स्वतःही थांबलेलाच होता. काचेच्या बाजूचं एक मोठं कॅबिनेट त्यानं दोन वर्षांपूर्वी बांधून ठेवलं होतं, आत निळे-जांभळे दिवे, मोठी पॉवर सप्लाय, सगळं तयार, फक्त कार्डाची जागा रिकामी. दसऱ्याला त्या रिकाम्या जागेसकट त्याची पूजा व्हायची, झेंडूची माळ चढायची.

खरं सांगायचं तर मला तो माणूस म्हणून वाईट वाटत नाही. सणाला तो सगळ्यात आधी माझ्यासाठी जिलबी बाजूला काढतो. पण माझी मशिनं दर वेळी एका न आलेल्या वस्तूशी हरत होती, आणि ते निमूट बघणं मला आता जमेना.

तर त्या दिवशी मी फरशीवरून उठले तेव्हा दोघंही बाहेर गेले होते. माझे हात तांबूस झाले होते. मी हात धुतले आणि फॉर्मच्या कोऱ्या कागदाच्या मागे लिहिलं: ‘मागची मशिनं देऊ नका. त्यांच्यावर गेम चांगले चालतात. फॉर्मच्या मुली दुपारी खेळतात. मी सांभाळीन.’ सही केली नाही. घडी घालून आबांच्या चष्म्याच्या घरात ठेवली, कारण ते घर ते दिवसातून वीस वेळा उघडतात.

संध्याकाळी त्यांनी ती उघडली आणि काउंटरवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“गेम?” दादा म्हणाला. “त्या मशिनांवर? आबा, तठे पत्ते बी नीट चालतस नही.”

आबांनी कागदाची परत घडी केली. तरुणपणी त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता, आणि अजूनही कुठलाही वाद ते परीक्षेनंच सोडवतात. “रविवारी दोन्ही शेजारी लावा,” ते मला म्हणाले, मराठीत. “एकीकडे त्याचं, एकीकडे तुझं. मी बघेन. चाललं तर ठेवू. नाही चाललं तर सोमवारी गाडीत. बरं?”

मी मान हलवली.

दादाकडे दाखवायला कार्ड कुठे होतं? त्यानं सुरतेच्या मित्राकडून त्याचं कार्ड दोन दिवसांसाठी मागवलं. येणाऱ्या कार्डाचा जुना भाऊ, असं तो म्हणाला. कुणी तरी ओळखीचा माणूस ते रेल्वेनं घेऊन आला, टॉवेलमध्ये गुंडाळून, जेवणाच्या पिशवीत. दादानं ते दोन्ही हातांनी घेतलं. त्याला तीन पंखे होते. ते कार्ड सुंदर होतं हे मीही मान्य करते.

परीक्षा दुपारी असेल असं मी गृहीत धरलं होतं. पण रविवारी सकाळी अकरालाच दादानं बोलावणं धाडलं. मी पोचले तोवर मागच्या खोलीत आबा खुर्चीवर बसलेले, मोठी आई, म्हणजे माझी काकू, चहाचा थर्मास घेऊन दारात, आणि दोन्ही पोरी माझ्या मशीनसमोर बसवलेल्या. त्यांना दादानंच बोलावलं होतं. “खेळणाऱ्या तुझ्याच,” तो म्हणाला, “म्हणजे नंतर तक्रार नको.” यात तो चुकीचा नव्हता. दोघींनी तोंडाला स्कार्फ बांधलेले होते, कारण वसतिगृहापासूनचा रस्ता पथाऱ्यांच्या कडेनं येतो. अनोळखी माणसांत त्या स्कार्फ सोडत नाहीत, आणि आबा त्यांना अनोळखीच होते.

मशीन आधीच सुरू होतं. पट्टी ड्रॉवरमध्ये होती.

माझ्या लक्षात आलं तेव्हा उंच पोरीनं खेळ सुरूही केला होता. गाडी निघाली, थांबली, उडी मारून पुढे गेली, परत थांबली. वळण आलं तेव्हा पडद्यावर अजून सरळ रस्ताच दिसत होता. गाडी दरीत.

“गाडी नाही ही,” दादा म्हणाला, “फोटोंचा अल्बम शे!”

मोठी आई हसली. आबाही थोडे हसले. उंच पोरीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. स्कार्फमधून डोळेच दिसत होते, पण त्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता: ताई, असं का? रोज तर असं होत नाही.

मला त्या वेळी एक सोपं वाक्य बोलायचं होतं. याला दुसरी पट्टी लागते, एवढंच. पण मग मी दुसरं केलं. पुढे झाले, मशीन बंद केलं, वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला.

“हाई काय करी ऱ्हायनी ती?” दादा आबांना म्हणाला. मला विचारलंच नाही.

मी ड्रॉवरमधून पट्टी आणली, मोकळ्या जागेत बसवली. दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज झाला. पत्रा न लावताच मशीन सुरू केलं आणि पोरीच्या खांद्याला हात लावला, चल म्हणून.

या वेळी गाडी धावली. लोण्यासारखी धावली असं म्हणणार नाही. लांबची झाडं धूसर होती, सावल्या मी केव्हाच्या बंद केलेल्या होत्या, आणि धूळ उडाली की किंचित अडखळायची. पण वळण आलं तेव्हा वळण दिसलं. तिनं आत राहून ते घेतलं. दुसरं घेतलं. बुटकी ओरडली, “दाब, दाब, आता दाब!”

“चाली ऱ्हायनं ना रे,” आबा पुढे वाकून म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “हे आधी का नव्हतं लावलं?”

उत्तर दादानंच दिलं. “तुम्हीच सांगं ना, एक जागा मोकळी ठेवा म्हणून.”

 आबांनी उघड्या मशीनमध्ये नजर टाकली, त्या दोन पट्ट्यांकडे. त्यांच्या मनात काय आलं मला माहीत नाही. त्यांनी दुकानातून आजवर किती मोकळ्या जागा लोकांच्या घरी पाठवल्या असतील, असा विचार माझ्या मनात मात्र आला.

“बरं, आता माझं बघा,” दादा म्हणाला. “मग बोला.”

त्याचं काचेचं कॅबिनेट टेबलावर मांडलेलं होतं. सुरतेचं कार्ड त्यानं रात्रीच आत बसवलं होतं. त्यानं मोठ्या माणसासारखी बाही सरकवली, बटण दाबलं आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून काच काढून बाजूला ठेवली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मी फॉर्मच्या मशिनांची आणि गिऱ्हाइकांच्या मशिनांची मिरची काढते. दादाच्या कॅबिनेटला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. ते दोन हिवाळे दुकानात उभं होतं, दिवे दिसावेत म्हणून दिवसभर सुरू. त्याचे छोटे पंखे मंद फिरायचे आणि धूळ हळूहळू आत घ्यायचे. तळाला, जाळीत, पॉवर सप्लायच्या कपारीत दोन हिवाळ्यांची मिरची शांतपणे बसून होती.

खेळ सुरू झाला. कार्ड पहिल्यांदा कामाला लागलं आणि त्याचे तिन्ही पंखे एकदम पूर्ण वेगानं फिरले.

आधी मला फक्त एक तांबूस धूर दिसला, दिव्यांच्या निळ्या उजेडात जांभळा झालेला. मग मोठ्या आईची शिंक आली. मग आबांची, मग दादाची, मग माझी.

“अरे बंद कर! हाई काय करं रे तू!”

“आबा, दिसत नही मले, बटण कठे शे?”

“डोयानी आग व्हई ऱ्हायनी! व माय!”

मोठी आई थर्मास तिथेच टाकून बाहेर पळाली. आबा दाराच्या चौकटीला धरून बाहेर पडले, दादा डोळे मिटून टेबल चाचपत होता, त्याच्या हाताला बटण लागेना. मी वायर खेचली, त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. आम्ही चौघं नळाशी उभे राहून तोंडावर पाणी मारत होतो, खोकत होतो. दादाचे डोळे मिरचीहून लाल झाले होते.

आणि आतून आवाज येत होता, “दाब, दाब! अगं आत घे, आत!”

आबांनी ओल्या चेहऱ्यानं दारातून वाकून बघितलं. दोघी पोरी जागच्या हलल्या नव्हत्या. स्कार्फ नाकावर होते, डोळे बारीक केलेले होते, आणि गाडी घाट चढत होती. रोज पथाऱ्यांच्या कडेनं चालत येणाऱ्या पोरी त्या, एवढ्याशा मिरचीनं कशाला उठतील.

मला खूप हसू आलं. दादासमोर ते दाबायला हवं होतं. मी दाबलं नाही.

पण यानं काही सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. मिरचीनं कार्ड वाईट ठरत नाही. थोड्या वेळानं खोलीतली हवा निवळली, मी तोंड बांधलं, ब्लोअर घेतला आणि दादाचं कॅबिनेट मागच्या अंगणात नेऊन सगळं साफ केलं. कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. त्यानं हात लावू दिला. मग आम्ही पुन्हा खेळ लावला, आणि ते कार्ड माझ्या मशीनपेक्षा कितीतरी पुढे होतं, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. झाडाचं पान न् पान दिसत होतं. दरीतलं पाणी हलत होतं, पाण्यात आभाळ हलत होतं. बुटकी पोरगी उठून त्या पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, “हे तर आमच्या गावासारखं आहे.” ती कितीतरी वेळ नुसतं पाणीच बघत होती. मग परत येऊन माझ्या मशीनवर बसली, कारण तिची पाळी तिथे चालू होती.

“आणि हे जुनं आहे,” दादा म्हणाला. त्याचे डोळे अजून गळत होते, पण आवाजात तोच जोर. “येणारं याच्या दुप्पट. नुसतं कार्डच नाही, येणाऱ्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्ससुद्धा या कार्डाएवढं असणार. ऑनबोर्डच! मग ही डबडी कशाला ठेवायची?”

मला ते पटतही होतं. येईल ते चांगलंच असेल. मी ते वापरीनही, मिळालं तर. पण दुपारी चारच्या आत वसतिगृहात परतावं लागणाऱ्या पोरींना होळीनंतरच्या कार्डाचा काय उपयोग? त्यांची दुपार आज होती. होळीला त्या गावी जातील, त्यानंतर परीक्षा, त्यानंतर एकीचं नर्सिंग संपेल. ज्या वेगाची गाडी त्यांना चालवायची होती तो वेग या खोलीत आत्ता होता, थोडा अडखळणारा, पण होता. हे सगळं मला दादाला सांगता आलं असतं. मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात सांगितलं, नीट परिच्छेद पाडून.

आबांनी रुमालानं चष्मा पुसला. थर्मासमधला उरलेला चहा मोठ्या आईनं सगळ्यांना ओतून दिला, पोरींनाही. त्यांनी स्कार्फ खाली केले आणि चहा घेतला. आबांनी पहिल्यांदा त्यांचे चेहरे बघितले असतील.

“कुठलं गाव?” त्यांनी विचारलं.

पोरींनी सांगितलं.

“लांब आहे,” आबा म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. आवाज मायेचा होता, आणि तोच मला जड गेला. “चाललं ना, मी बघितलं. मी शब्दाचा पक्का आहे. सोमवारी गाडी नको. ठेवू मशिनं. होळीपर्यंत खेळू दे पोरींना, तुझंही मन रमेल तोवर. नवीन आलं की मग देऊन टाकू. काय?”

दादा म्हणाला, “हां, होळीपर्यंत चालेल.” मोठी आई म्हणाली, “चला, मिटलं.” सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी मान हलवायची तेवढी राहिली होती.

होळीपर्यंत. काही तरी ठरेपर्यंत. चांगलं स्थळ येईपर्यंत, पुण्यात नोकरी लागेपर्यंत, नवीन येईपर्यंत. मला आजवर जे जे मिळालं ते असंच, कशाच्या तरी आधीचं म्हणून मिळालं होतं, आणि मी ते दर वेळी मान हलवून घेतलं होतं. पोरी चहाचे कप धरून माझ्याकडे बघत होत्या. बुटकीचा हात अजून कीबोर्डवर होता. त्यांना वाटत होतं, ताईंना जे हवं ते मिळालं.

माझ्या ओठांवर अजून तिखट होतं. मी कप खाली ठेवला.

“नाही आबा,” मी म्हणाले. “होळीपर्यंत नाही. नवीन येऊ दे, चांगलं असू दे, दादा ते दुकानाच्या पुढच्या भागात लावेल. ही चार मशिनं इथेच राहतील, चारहींत दोन-दोन पट्ट्या घालून. आणि या खोलीची किल्ली आजपासून माझ्याकडे.”